करमणूक शाखा

कलेक्टर कचेरीत जिन्याखालची खोली आमची.
लाकडी पाटीवर 'करमणूक' एवढंच उरलेलं,
पुढचं 'कर शाखा, परभणी' वाळवीनं नेलं.
लोक दार ढकलायचे, मला बघायचे,
आणि परत जायचे.

काम साधं.
उरुसात तंबू लागले की टॉर्च, रजिस्टर
आणि शिक्क्याची डबी घेऊन निघायचं.
तिकिटं किती फाटली, डोकी किती बसली,
फरक निघाला की झुंबरलाल शेठला नोटीस.
रुपयामागं चाळीस पैसे सरकारचे.
म्हणजे माणूस दहादा हसला
तर चार हसू खजिन्यात भरणा.

डोकी मोजायची तर पडद्याकडं पाठ पाहिजे,
हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं,
पहिल्याच वर्षी उमगलं.
सत्तावीस वर्षं सिनेमे मी असेच पाहिले.
मागं मारामारी, पुढं आवळलेले जबडे.
मागं कुणी मेलं की
बायकांच्या बाजूला पदर हलायचे.
हिरो कसा दिसतो ते विचारू नका,
तो केव्हा आला ते सांगतो:
पोत्यावरची पोरं गुडघ्यांवर व्हायची
आणि गोडीशेव तोंडाकडं नेणारा हात
मधेच थांबायचा.

त्यात एक तोंड सगळ्यांच्या आधी हसायचं.
हुरमतबी. जिंतूर नाक्यावर बांगड्या भरायची,
मनगट चाचपून माप सांगायची.
जन्मापासून दिसत नव्हतं.
तरी रोज तिकीट. दीड रुपया,
त्यातले साठ पैसे आमचे.
शेठ म्हणाला, "मी नकोच म्हणतो साहेब,
तीच पैसे टाकती."

रात्री कायदा काढून बसलो.
प्रेक्षक म्हणजे पाहतो तो, की आत येतो तो?
शाळेच्या पोरांना सूट होती, शिपायांना होती,
हिच्यासाठी रकानाच नाही.
औरंगाबादला पत्र टाकलं:
'सदर महिला चित्रपट पाहत नसून ऐकते,
तरी तिजकडून कर घ्यावा किंवा कसे,
मार्गदर्शन व्हावे.'
शाखेत आठ दिवस हसं झालं.
त्या हसण्यावर कर नव्हता.

उत्तर येईस्तोवर तिचे साठ साठ पैसे
अनामत खात्यात टाकत गेलो.
तिला सांगितलं, तर काचेचा जोड पुसत म्हणाली,
"तुम पीठ करके खडे रहते, मेरेकू दिखता नै.
दोनों मिलाके एकच तिकीट लिखो ना, साब."

मी पाठ करून उभा असतो
हे तिला कुणी सांगितलं, विचारायचं राहिलं.
माझ्या खोकल्यावरून असेल.

पुढं व्हिडिओ आले, केबल आली,
मी गच्च्यांवर चढून वायरी मोजायला लागलो.
वायरीला तोंड नसतं.
मग नवा कर आला, त्यात आमचा विरघळला.
खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.
आवरताना जुन्या टपालात सापडलं,
दोन ओळींचं, सही न वाचता येणारी:
'सदर बाब विचाराधीन आहे.'
अनामतीत बेचाळीस रुपये साठ पैसे.
नाक्यावर गेलो, तिथं मोबाईल रिचार्ज होता.
कुणी म्हणालं ती सेलूला गेली, पोरीकडं,
कुणी म्हणालं मानवतला.

परवा लेकीनं मॉलमधल्या थेटरात नेलं.
गादीची खुर्ची, गार हवा,
तीनशे रुपयांचं तिकीट, त्यात कर किती
हे मी वाचून घेतलं.
दिवे गेले तसा मी वळून बसलो.
मागचा पोरगा म्हणाला,
"काका, पिक्चर तिकडं आहे."
लेक हात ओढायली होती.

मी एकशे अठरापर्यंत आलो होतो.
आधी कुणीच हसलं नव्हतं.